चेझारियाची सातवी पंगत

चेझारियाच्या फाटकावरून कुणी रिकाम्या हाताने पुढे गेलं, असं दक्षिण इटलीतल्या कास्त्रिनो गावात सहसा होत नसे. गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला येणारा, चुकून दुसऱ्याचं दार समजून बेल वाजवणारा, सगळ्यांच्या हातात काही ना काही खायचं पडायचंच. "भूक नाही" हे दोन शब्द तिच्या कानात शिरतच नसत. तिचा दीर पांतालेओ म्हणायचा, "वहिनींच्या घरी चोर आला तरी आधी जेवेल आणि मग लाजून परत जाईल."

बाराव्या वर्षी ती तंबाखूच्या शेडवर कामाला लागली होती. लांब सुईने पानं ओवायची, बोटं काळी आणि चिकट व्हायची, आणि दुपारी तीस-चाळीस बायका आपापला पाव मधल्या फडक्यावर ठेवून वाटून खायच्या. लग्नानंतर ती इप्पात्सिओबरोबर स्वित्झर्लंडला गेली. तो बोगदे खणायचा, ती मजुरांच्या खाणावळीत दोनशे माणसांचे बटाटे सोलायची. "तिथल्या मला दोनच गोष्टी आठवतात, बर्फ आणि बटाटे," असं ती सांगे. अकरा वर्षांनी दोघं परत आले आणि गावाबाहेर बासष्ट जैतुनाची झाडं घेतली. काही झाडं इतकी जुनी की तिघांनी हात धरले तरी खोडाला वेढा पडत नसे.

मग झाडांवर तो रोग आला. शेंडे आधी वाळले, जणू वरून कुणी मशाल फिरवली होती. इप्पात्सिओ रोज सकाळी जाऊन एकेका झाडाखाली बसे. तेव्हा चेझारियाने संत जोसेफला नवस केला. झाडं वाचव, मी सात वर्षं तुझी पंगत घालीन, गावातल्या माणसांना संत म्हणून बसवून जेवू घालीन.

दुसऱ्याच वर्षी शेवटचं झाड वाळलं. चौथ्या वर्षी इप्पात्सिओही गेला.

पांतालेओ तेव्हाच म्हणाला होता, "वहिनी, झाडं नाहीत, माझा भाऊ नाही. आता कसला नवस फेडताय?"

"बोलले मी होते, भावोजी," चेझारिया म्हणाली. "जोसेफ काही बोलला नव्हता."

तिचं हे उत्तर गावात बरेच दिवस सांगितलं गेलं. त्या दिवसापासून दर वर्षी तो न बोलावता यायचा आणि जोसेफच्या खुर्चीवर बसायचा. आयुष्यभर दगडाच्या खाणीत काम केलेला उंच माणूस, झगा आणि खोटी पांढरी दाढी लावली की खरोखरीचा संत वाटे. तोंड उघडेपर्यंत.

या वर्षी सातवी पंगत होती. शेवटची.

तीन आठवडे चेझारियाचं घर पिठाने पांढरं झालं होतं. पाच संतांसाठी पाच मोठे कड्यासारखे पाव, एकेक पाच किलोचा. आदल्या संध्याकाळी फादरनी येऊन टेबलावर पवित्र पाणी शिंपडलं, सगळं गाव बघून गेलं. पांढऱ्या चादरीवर पाव, बडीशेपेचे ताजे गड्डे, संत्री, तेलाच्या बाटल्या, मधाची भांडी. आता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. संतांनी रात्रीपासून उपास धरायचा, यजमानिणीनेही. संतांचा आकडा विषम हवा. आणि येशूच्या आईच्या, मरियेच्या जागी बसणारी मुलगी अविवाहित हवी. या गावात आता हीच मोठी अडचण होती. मुली शिकायला उत्तरेकडे जातात त्या तिकडच्याच होतात. गावात त्या दिवशी तीन पंगती होत्या आणि मरिया होण्याजोग्या मुली बरोब्बर तीन. मुलगे तर नव्हतेच, म्हणून येशूच्या जागी चाळिशीचा पोस्टमन ओरोंत्सो बसायचा.

"मरिया सतरा वर्षांची आणि लेक चाळीस वर्षांचा," पांतालेओ म्हणे. "मी मधल्यामध्ये काय बोलणार?"

एकोणीस मार्चला, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, सकाळी आठ वाजता चेझारिया अंगणातल्या शेगडीवर पित्तुले तळायला बसली. सैलसर आंबवलेल्या पिठाचे गोळे बोटांनी तोडून तेलात सोडायचे, ते आपोआप फुगून गोल होतात. पहिला घाणा तेलाचा अंदाज घ्यायला. तो निघाला आणि फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं.

मुलगी होती. पाठीवर तिच्या निम्म्या उंचीची पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट, हातात एक जाड वही.

"मावशी, ते उभे दगड कुठे आहेत? शेतातले, जुने?"

"आधी आत ये."

"नाही, मला फक्त रस्ता..."

"रस्ता कुठे पळत नाही. सहा वाजल्यापासून काही खाल्लं नाहीस, चेहऱ्यावर दिसतंय."

मुलीने आश्चर्याने बघितलं. ओत्रांतोहून पहिली बस पकडली होती, तेव्हा एकही दुकान उघडलं नव्हतं, हे खरंच होतं. तोवर तिच्या हातात कागदाचा पुडा आला होता आणि पुड्यातून वाफ येत होती.

तिचं नाव व्हिओला. तोरीनोला वास्तुकला शिकत होती, आणि सुट्टीत इटलीच्या टाचेपर्यंत उतरून तिथून ग्रीसला जायचं असा तिचा बेत होता. खाता खाता ती वहीतलं वाचून दाखवू लागली. नेपल्समध्ये दुमडून तळलेला पिझ्झा, दहापैकी नऊ गुण. मातेराचा पाव, आठ. बारीच्या बंदरावर मच्छीमाराने दगडावर आपटून दिलेला कच्चा ऑक्टोपस, पाच.

"पाच का गं?"

"मी त्याला चावत होते की तो मला, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

चेझारिया हसली. मग लेच्चेची मलई भरलेली गरम पेस्ट्री, नऊ. ओत्रांतोच्या चर्चमधली जमीनभर पसरलेली खड्यांची नक्षी, तिला गुण नव्हते, पण तिच्याबद्दल मुलीने चार पानं लिहिली होती. तिची पद्धत सरळ होती. कुठेही पोटभर खायचं नाही. एक घास घ्यायचा, लिहायचं, पुढे जायचं. म्हणजे जास्त गोष्टी चाखता येतात.

"आणि माझे पित्तुले?"

मुलीने पुड्यात बघितलं. पुडा रिकामा होता. ती थोडी ओशाळली. "आठ."

"दोन कुठे गेले?"

"दहा मी कुणालाच दिले नाहीत, मावशी."

"मग तुझ्या वहीतच काहीतरी कमी आहे," चेझारिया म्हणाली आणि तिला दगडांचा रस्ता दाखवला.

साडेदहाला शेजारची कोन्चेत्ता धापा टाकत आली. तिची लेक मारिलेना आज मरिया होणार होती, आणि मारिलेनाला रात्रीपासून ताप होता. सकाळी उलट्या सुरू झाल्या.

"मी तिला उठवून बसवते, चेझारिया. बसेल ती."

"आजारी लेकराला बसवून जोसेफ काय आशीर्वाद देणार आहे? जा, तिला लिंबाचं पाणी दे."

कोन्चेत्ता रडत गेली. चेझारिया अंगणात उभी राहिली. चार संत. चारची पंगत होत नाही. दुसऱ्या दोन पंगतींतल्या मुली आपापल्या घरी उपाशी बसलेल्या, त्यांना कोण सोडणार? आणि पंगत आज झाली नाही तर उद्या होत नाही. सहा वर्षं केलं आणि सातवं राहिलं, म्हणजे सहाचाही हिशेब जोसेफपुढे मांडता येत नाही. ती देवघरातल्या तसबिरीकडे गेली नाही. एप्रन न काढताच शेताच्या वाटेला लागली.

व्हिओला सर्वांत उंच दगडासमोर बसून त्याचं चित्र काढत होती. दोन्ही बाजूंना वाळलेली जैतुनाची झाडं उभी होती.

चेझारियाने सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि डोळे मोठे केले. "म्हणजे मी मरिया होणार?"

"बसायचं. जेवायचं. बोलायचं नाही."

"किती पदार्थ?"

"अकरा."

व्हिओलाने वही मिटली. "माझी सव्वादोनची बस आहे. रात्री ब्रिंदिसीहून ग्रीसची बोट."

"साडेबाराला सुरू करतो. दोनपर्यंत उठशील."

हे चेझारिया मनापासून बोलली, पण पांतालेओच्या हातात काठी असते हे त्या क्षणी तिच्या लक्षात राहिलं नाही.

घरी आणून तिने मुलीचे हात-पाय धुतले, निळी शाल तिच्या डोक्यावरून घेतली आणि पिन लावायला खाली वाकली. मुलीच्या बाहीवर तेलाचा डाग होता. छोटा, गोल, सकाळचा.

चेझारियाचा हात तिथेच थांबला.

"तू सकाळी खाल्लंस," ती म्हणाली.

"तुम्हीच दिलंत, मावशी. का?"

"मरियेनं उपाशी बसायचं असतं."

बाहेर ओरोंत्सो कुणाशी तरी पत्रांबद्दल बोलत होता. व्हिओला हळूच म्हणाली, "कुणी बघितलं नाही. मी सांगणार नाही."

खरंच कुणी बघितलं नव्हतं. पुड्याचा कागद शेगडीत जळून गेला होता. डाग शालीखाली झाकला जात होता. चेझारियाने पिन लावली, शाल सारखी केली, आणि मग ती सरळ बाहेर ओट्यावर गेली. तिथे पांतालेओ दाढी कानाला अडकवत होता.

"भावोजी, मुलगी मिळाली. पण तिनं सकाळी खाल्लंय. मीच घातलं."

पांतालेओने दाढी गळ्यावर तशीच लोंबू दिली. "किती?"

"पुडाभर."

"वहिनी, सगळ्या गावात उपाशी राहील अशी एकच मुलगी उरली होती आणि तिलाही तुम्ही सोडलं नाहीत."

चेझारियाने मान खाली घातली. या एका गोष्टीवर तिला हसू येत नव्हतं. म्हातारा काठी टेकत आत गेला आणि व्हिओलासमोर उभा राहिला.

"सकाळी निघाल्यावर कॉफी प्यायलीस?"

"नाही."

"बसमध्ये बिस्कीट, चॉकलेट?"

"पाणी प्यायले."

"पाणी चालतं." तो वहिनीकडे वळला. "पीठ कुठलं होतं?"

"याच परातीतलं."

"तेल?"

"तेच."

"तिनं मागितलं?"

"ती नको म्हणत होती."

पांतालेओ बराच वेळ दाढीचे केस ओढत राहिला. खाणीत मोठा दगड कापायच्या आधी तो असाच उभा राहत असे, असं जुने लोक सांगतात. मग म्हणाला, "उपास बाहेर मोडला असता तर मी हिला परत पाठवली असती. पण हिनं पंगतीच्या पिठाचं, पंगतीच्या तेलातलं, यजमानिणीच्या हातचं खाल्लंय. एकोणीस मार्चला, दारात आलेल्या वाटसरूनं. याचा अर्थ तुमची पंगत सकाळी आठलाच सुरू झाली. आम्ही चौघं उशिरा आलोय."

"असं असतं का, भावोजी?"

"जोसेफ मी आहे की तुम्ही?" त्याने दाढी वर चढवली. "मात्र एक आहे. पंगत सुरू झाली की मरियेला मधून उठता येत नाही. शेवटचं ताट उचललं जाईपर्यंत. कळलं का, पोरी?"

व्हिओलाने मान हलवली. अशी मान विशीतली माणसं पुष्कळदा हलवतात.

साडेबाराला प्रार्थना झाली. पाच जण बसले, दारात आणि खिडक्यांत गाव उभं राहिलं. चेझारिया चपला काढून वाढू लागली. जोसेफच्या काठीचा ताटाशेजारी एक ठोका पडला की खायला सुरुवात. दुसरा ठोका पडला की हात थांबवायचा, तोंडात घास असला तरी चमचा खाली, आणि ताट उचललं जायचं. मध्ये किती वेळ जाईल ते फक्त जोसेफला माहीत.

पहिले पित्तुले आले. व्हिओलाने सवयीने एकच घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसली. ठोका पडेना. ती इकडे-तिकडे बघू लागली. मग दुसरा घेतला. तिसरा. मग मध आणि तळलेला पावाचा चुरा घातलेल्या शेवया आल्या. एक घास घेतला, थांबली, भुवया वर गेल्या, आणि आता ती खरोखरच खायला लागली, तेवढ्यात ठक्. ताट गेलं. तिने चेझारियाकडे इतक्या दुःखाने बघितलं की खिडकीतल्या बायका पदराआड हसल्यासारख्या रुमालाआड हसल्या.

पुढच्या ताटाला तिने शहाणपणा केला आणि भराभर जेवली. तेव्हा पांतालेओने काठी उचललीच नाही. चण्यातल्या जाड शेवया संपल्या, बशी पुसून झाली, तरी तो एकेक चणा वेचत बसला. ओरोंत्सोने खाली बघून ओठ चावले. कोबी आला, उकडलेला फ्लॉवर आला. मग कडू रानकांदे आले. ते तेलात शिजवलेले असले तरी कडूच असतात, आणि पांतालेओचा जीव त्यांच्यावर. व्हिओलाने पहिला खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा तिने न चावता गिळला. चौथ्याला तिचा चेहरा बदलला. तो कडूपणा जिभेवरून जाताना मागे काहीतरी गोड ठेवून जातो. ते एका घासात कळत नाही. या गावातल्या लोकांना ते कुणी सांगावं लागत नाही. या मुलीला ते चौथ्या कांद्याला कळलं आणि तिने पाचवा घेतला.

घड्याळात दोनला दहा कमी होते. अजून पाच पदार्थ राहिले होते.

चेझारिया माशाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिथून तिला सगळं दिसत होतं. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग खिडकीकडे, जिथे चौकातला बसथांबा दिसतो. मग तिची खुर्ची थोडी मागे सरकली. दगडी फरशीवर तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पांतालेओ दाढीआडून समोर बघत राहिला. त्यालाही बोलायची मुभा नव्हती.

चेझारियाच्या मनात आलं, सात वर्षं या एका खुर्चीवर अडकली आहेत. पण लगेच हेही आलं की दोनपर्यंत उठशील असं मीच म्हटलं होतं. शब्द एकदा जोसेफला दिला तसा या पोरीलाही दिलेला आहे. तिने ताट टेबलावर ठेवलं, मुलीच्या कानाशी वाकली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, म्हणजे नंतर कुणी मुलीला दोष देऊ नये.

"बाळ, बस सव्वादोनची आहे. माझा अंदाज चुकला. जायचं असेल तर जा. नवस माझा आहे, तुझा नाही."

त्याच वेळी मुलीच्या खिशात फोन थरथरला. बसची आठवण करून द्यायला तिने लावून ठेवलेला गजर. तिने तो काढला, बघितला, आणि शालीतून हात बाहेर काढून चेझारियाच्या एप्रनच्या खिशात टाकला. मग खुर्ची पुढे ओढली. बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं, म्हणून तिने माशाच्या ताटाकडे बोट दाखवलं.

ठक्.

फोन एप्रनमध्ये बराच वेळ गुरगुरत राहिला. चेझारियाला तो बंद करता येत नव्हता. ती तशीच वाढत राहिली. सुकवलेल्या माशाचा रस्सा, तळलेली छोटी मासळी, बडीशेपेचे गड्डे, मधात घोळवलेले पिठाचे तुकडे, एकेक संत्रं. चौकातून बस आली आणि गेली. बस गेल्याचा आवाज ऐकून पांतालेओच्या काठीला जरा वेग आला, असं खिडकीतल्या बायकांचं म्हणणं. तो स्वतः ते कबूल करत नाही.

पावणेचारला शेवटचं ताट उचललं गेलं. पण पंगत तिथेही संपत नाही. प्रत्येक संताचा वाटा त्याच्या घरी जायला हवा, तो उंबऱ्याबाहेर पडला की नवस फिटला. चौघांचे वाटे गेले. चेझारियाने मुलीचा फोन परत दिला आणि मरियेचा वाटा आणला. तेलाची बाटली, सुका मासा, संत्री, आणि तो पाच किलोचा पाव.

व्हिओला घाबरली. "मावशी, मी ग्रीसला चालले आहे. घरी जायला तीन आठवडे आहेत. एक तुकडा द्या."

"तो इथे मोडायचा नसतो. घरी जाऊन मोडायचा."

"तीन आठवड्यांनी?"

"महिनाभर टिकतो. दगड होईल, मग पाण्यात बुडवून खायचा. टोमॅटो आणि हे तेल."

"बोटीवर लोक काय म्हणतील?"

"भूक लागली तर मागतील. तेव्हा मात्र देऊ नको," पांतालेओ दाढी काढत म्हणाला. "एवढं एक वहिनींकडून शिकू नको. चल, गाडी काढतो. झगा काढायला वेळ नाही. ब्रिंदिसीपर्यंत पोलिसांनी अडवलं तर सांगू, जोसेफ मरियेला घेऊन निघालाय."

मुलीने पावाच्या मधल्या भोकातून हात घातला आणि तो खांद्यावर घेतला. पाठीवर पिशवी, खांद्यावर पाव, डोक्यावर निळी शाल राहूनच गेलेली. तिने चेझारियाला मिठी मारली, तेव्हा पाव दोघींच्या मध्ये आला. मग ती दाराकडे वळली. चेझारिया तिच्या पायांकडे बघत होती. एक पाय उंबऱ्याबाहेर गेला. दुसरा गेला.

चेझारियाने छातीवर क्रुसाची खूण केली.

शेजारणी जवळ आल्या, कुणी तिचा हात धरला, कुणी गालाला गाल लावला. पांतालेओने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वहिनी, सुटलात एकदाच्या. आता पुढच्या मार्चला मी काय करू? घरी बसून सूप पिऊ?"

"नवस संपलाय, भावोजी. पीठ उरलंय," चेझारिया म्हणाली. "दाढी कसरीपासून जपा."

गाडी गेली. तिने फाटक लावलं नाही, फक्त लोटलं. आत पाच रिकाम्या खुर्च्या होत्या आणि चादरीवर चुरा पडला होता. काल रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे तिला आता जाणवलं. पातेल्याच्या तळाशी थोड्या शेवया चिकटून राहिल्या होत्या, गार आणि मधाने घट्ट झालेल्या. तिने चमचा घेतला, जवळची खुर्ची ओढली, आणि कुणी काठी आपटायला नव्हतं म्हणून सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली.